या महिन्याचा नंबर कंपनीचा

मोरिवलीच्या आमच्या रंगाच्या कंपनीत नोटीस लागली : पैशाअभावी नवं पॅकिंग मशीन लांबणीवर. जुनं चालेल तोवर चालवायचं. म्हणजे आम्ही पॅकिंगच्या बारा बायकांनी लवकरच घरी बसायचं. एवढं कळायला शिक्षण लागत नाही.

माझं डोकं तापलं. डबा खाताना मी म्हटलं, "आपली कंपनी शेअर बाजारात हाय ना? मग पैसा आपणच देऊ. दर महिन्याला भिशी एकीला लागते. या महिन्याचा नंबर कंपनीचा!"

"वेणू, येडी झालीस काय गं?" मालिनी ओरडली, आणि सगळ्यात आधी तिनेच पाच हजार काढून दिले.

शेअर ब्रोकरकडे कामाला असलेल्या माझ्या भाच्याने, कल्पेशने, माझ्या नावावर साठ हजारांचे शेअर घेतले. संध्याकाळपर्यंत भाव वर! आनंदाने मला घास जाईना. कंपनी वाचवली होती आम्ही.

सकाळी पेढे घेऊन आम्ही मॅनेजर धर्मेश साहेबांच्या केबिनमध्ये घुसलो. "साहेब, साठ हजार दिले कंपनीला. मशीनची ऑर्डर टाका!"

साहेब हसले. "वेणूताई, कंपनीला एक रुपया नाय आला. जुनी स्कूटर घेतली तर पैसा कोणाला जातो? विकणाऱ्याला. फॅक्टरीला थोडीच! कंपनी नवीन शेअर काढेल, तेव्हा पैसा तिला."

"मग आमची भिशी लागली कोणाला?"

"असेल कोणीतरी. दोन आठवडे गिऱ्हाईकच नव्हतं. काल कुठे माझेपण शेअर गेले..."

साहेबांनी जीभ चावली. हातातला पेढा तसाच राहिला.

मला कळलं. पॅकिंग बंद होणार हे यांना पक्कं माहीत होतं, म्हणून यांनी आधीच काढता पाय घेतला होता. मला राग आला. पण त्या रागातच दुसरी गोष्ट लख्ख दिसली, आणि मला हसूच फुटलं.

"साहेब, तुमच्याकडे आता एकपण शेअर नाय ना?"

"नाही."

"माझ्याकडे हायेत. म्हणजे कंपनीची थोडी मालकीण मी. शेअरवाल्यांची सभा कधी असते? मशीनचं तिथंच विचारते. तुम्ही का विकले, तेपण."

मागून मालिनीने टाळी वाजवली, मग सगळ्याच वाजवू लागल्या. साहेबांनी मला तारीख सांगितली. खुर्चीतून उठून, उभ्याने.