उभी विळी

मित्रांनो, मी विळी आहे. जुनी आहे हे खरं, पण म्हातारी म्हणाल तर बोट कापीन. तासगावच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या धावेचं लोखंड ठोकून मला घडवलं आणि बाभळीच्या पाटावर बसवलं. हरणाबाईबरोबर मी सांगलीला सासरी आले. त्या घरची लग्नंबारशी माझ्याच धारेवर पार पडली.

लढाई संपली आणि हरणाबाईचा जावई हंबीरराव पलटणीतून एक खंजीर घेऊन आला. चांदीची मूठ, मखमली म्यान. मेल्यानं उभ्या जन्मात कांदा चिरला नव्हता! तरी त्याला खुंटीवर मान, वर तेलाचं बोट. मी चुलीपाशी राखेत. जळणार नाही तर काय?

हरणाबाईचा मुलगा कृष्णात दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याला पहिल्यांदाच पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं काम आलं. खुनाची कादंबरी होती, घरातून नाहीशी झालेल्या सुनेची. छापखान्याचे मालक नानासो म्हणाले, "आदी कच्ची चित्रं दाव. बघणाऱ्याच्या काळजात धस्स झालं पायजे. न्हाईतर काम दुसऱ्याला."

कृष्णातनं तीन चित्रं काढली. तिन्हींत तोच खंजीर! एकात रक्त गळतंय, एकात पाठीत घुसलाय, एकात नुसताच मिरवतोय. चौथं काही सुचेना. तेवढ्यात दारात कासार आला आणि वांगी चिरता चिरता हरणाबाई मला तशीच उभी टाकून उठली. मित्रांनो, काम झालं की विळी आडवी करतात, उभी कधी ठेवत नाहीत. कृष्णात माझ्याकडं बघत राहिला. मग रिकामं स्वयंपाकघर, अर्धं वांगं आणि मी, असं त्यानं कागदावर उतरवलं.

चित्रं बघायला घरी आलेले नानासो हसले. "विळी? भाजीचं पुस्तक हाय व्हय रं हे? खंजीरच घिऊ. रुबाब हाय त्याला."

खुंटीवरचा तो मेला माझ्याकडं बघून हसला, शपथ!

हरणाबाई चहा घेऊन आली. जमिनीवरची चित्रं बघून थबकली.

"आगं बया! विळी उभी टाकून कुटं गेली ही बाई? काय झालं तिला?"

आणि कागदातली विळी आडवी करायला वाकलीसुद्धा. नानासोंची बशी ओठांशीच राहिली.

"गिऱ्हाइकानं हेच इचारलं पायजे," ते म्हणाले. "कृष्णात, हीच छापायची."

मी जिंकले. साताऱ्याच्या स्टँडवर पुस्तकांच्या दुकानात माझं चित्र टांगलं गेलं. लोक म्हणत, "काय धार हाय!" घरात खंजीर उतरला आणि त्या खुंटीवर चौकटीत ती चित्रातली विळी बसली. रूप माझं, मान तिचा! तिला गंज नाही, वांग्याचा डाग नाही. खंजिराचा राग गेला आणि त्या कागदाच्या भवानीचा सुरू झाला.

परवा हरणाबाईच्या सुनेनं मला ओलीच, उभीच टाकलं. हरणाबाईला आता नीट दिसत नाही. तरी चाचपडत आली, पदरानं मला पुसलं, आडवं केलं.

मित्रांनो, काम झालं की आपल्या विळीला पुसा, आडवी करा. चौकटीतली ती अजून उभीच आहे. आता तिला जळू दे.