शिंपीकाकांचं उत्तर

ताडमाड उंचीमुळे ऑफिसात तिला सगळे शिडी म्हणत, आणि तिनेही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. आजारी माणसांसाठी पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या भाड्याने देणारी ती संस्था. तिची वेबसाइट शिडीने एकटीने उभी केली होती. ती ज्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यात, बांधली होती, त्यातली सबस्क्राइबरची सोय तिची विशेष लाडकी. काही घडलं की प्रोग्रॅम नुसता पुकारा करतो, 'वस्तू परत आली'. कोण ऐकतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्या पुकाऱ्याला कान लावून बसलेले सबस्क्राइबर आपापलं काम उरकतात. एक धुलाईवाल्यांना कळवतो, एक साठ्यातला आकडा वाढवतो. तिसरा तिने स्वतःच्या हौसेने लिहिला होता. तो घरच्यांना मेसेज पाठवायचा: 'आपल्या रुग्णाला बरं वाटतंय, याचा आनंद झाला. आता तब्येत कशी आहे, जरूर कळवा.'

एका सकाळी काउंटरवरच्या मावशींनी तिला खाली बोलावलं. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शर्ट मापाने शिवलेला, पण आता अंगावर लोंबणारा. जन्मभर शिवणकाम केलं म्हणून मावशी त्यांना शिंपीकाका म्हणत होत्या. त्यांची बायको बरेच महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्यासाठी नेलेला पलंग त्यांनी नुकताच परत केला होता.

काकांनी फोन पुढे केला. आपणच लिहिलेला मेसेज वाचताना शिडीचे कान तापले. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. पण काकांचं म्हणणं निराळंच होतं. त्यांनी उत्तर पाठवलं होतं. ती गेली, त्रास झाला नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू वर करता यायची म्हणून शेवटपर्यंत तिला खिडकीबाहेर बघता आलं, असं सगळं. लिहायला अख्खी दुपार गेली होती. तेव्हापासून ते सारखा फोन बघत होते.

"तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिलं," ते म्हणाले. "पोचलं का, एवढंच विचारायला आलो."

पोचलं म्हणून सांगितलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. शब्द शिडीच्या ओठांवर आलाही होता.

"काका, ते आलं, पण वाचलं कुणीच नाही," ती म्हणाली. "उत्तर आलं की प्रोग्रॅम पुकारा करतो. तो ऐकणारं मी काही लिहिलंच नव्हतं."

"म्हणजे रिकाम्या खोलीत बोललो."

"हो."

काकांनी फोन खिशात ठेवला. मग किंचित हसले. "घरी हल्ली तेच चाललंय."

मावशींनी आपली खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी आणली आणि वहिनींबद्दल विचारलं. काका बोलत राहिले. दुकानातल्या प्रत्येक शर्टाची काजं तीच करायची, नवऱ्याच्या हाताच्या काजांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. शिडी उभ्याउभ्या ऐकत होती, मग काउंटरला टेकली, मग सरळ खाली बसली.

संस्थेच्या साहेबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी तो मेसेजच काढून टाकायला सांगितलं, उगाच झंझट नको. 'बरं वाटतंय' ही ओळ शिडीने त्यांच्यासमोरच उडवली. पलंग परत आला एवढंच प्रोग्रॅमला कळतं. का आला, ते तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं. प्रश्न मात्र ठेवायचा, यावर ती अडून बसली.

"आणि ऐकणार कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे येऊ द्या," मावशी दारातून म्हणाल्या.

शिडीने नवा सबस्क्राइबर लिहिला. उत्तर आलं की ते मावशींच्या स्क्रीनवर यायचं आणि कुणी फोन करेपर्यंत तिथून हलायचं नाही. आधीची उत्तरं साठवलेलीच नव्हती, ती कायमची गेली होती. ते तिला फार लागलं. ज्यांनी ज्यांनी वस्तू परत केल्या होत्या, त्या सगळ्यांना तिने पुन्हा लिहिलं: आम्ही विचारलं आणि ऐकलं नाही, माफ करा, आता सांगाल का? बऱ्याच जणांनी काही कळवलं नाही. एकाने 'आता नको' एवढंच लिहिलं. एका आईने आपल्या मुलीचा कुबड्यांशिवाय जिना उतरतानाचा व्हिडिओ पाठवला, तो मावशींनी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

पुढे फोन इतके वाढले की मावशींना एकटीने झेपेनात, आणि साहेबांनाही पाळी घ्यावी लागली. त्यांना काय बोलावं ते सुचायचं नाही. फोन कानाला लावून ते नुसतं "हं, हं" करत राहायचे. पलीकडची माणसं मात्र ठेवताना त्यांचे आभार मानायची, आणि साहेब पुढचा नंबर आपणहून लावायचे.