नीलाबाईंच्या नावाची खाट

टिण्! चमचा फरशीवर पडला आणि दुपारी निजलेल्या वॉर्डाची शांतता मोडली. माझ्याखाली बसून वरणभात खाणाऱ्या चार वर्षांच्या रेणूच्या हातून तो निसटला होता. "हळू गं, माय," तिची आई सुकन्या वरून कुजबुजली. आवाज झाला तर दोघींना कुणी हाकलून देईल, अशी भीती त्या कुजबुजण्यात होती.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. लोहा गावाच्या वाटेवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळ माझी जागा. लातूरच्या वकार मिस्त्रींनी मला जोडलं, पांढरा रंग दिला आणि उशाच्या पत्र्यावर निळ्या अक्षरांत लिहिलं, 'कै. नीलाबाई यांच्या स्मरणार्थ'. नीलाबाई म्हणजे जवळच्या गावातल्या किशनरावांची आई. शेवटच्या आजारात तिला खाट मिळाली नाही, सतरंजीवरच गेली. म्हणून लेकानं मला इथं दिलं.

तेव्हा माझं काय कौतुक होतं! नवी खाट म्हणून बाळंतिणी मलाच मागायच्या. किती बाळांनी माझ्यावर पहिली जांभई दिली! मग रंग उडाला, गंज चढला. एक पाय आखूड झाला, त्याच्याखाली कुणीतरी लाकडाचा तुकडा सारला. कुरकुरणारी खाट म्हणून लोक मला टाळू लागले.

पुढं सरकारी दवाखान्यात जागा नसली की तुरुंगातले आजारी कैदी आमच्याकडे येऊ लागले. कैदी एकटा येत नाही, सोबत पहारा येतो. पेशंटच्या माणसांनी बसायच्या बाकावर पोलीस बसतात. बायाबापड्या लेकरांना पदराखाली घेतात. काहीजणी तर औषध अर्धवट टाकून घरी निघून गेल्या. शेवटी दवाखान्याच्या मंडळानं ठरवलं, आता एक जरी तक्रार आली तर कैदी घेणं बंद.

अशात सुकन्या आली. शिक्षा लागलेली, पोटाचं ऑपरेशन झालेलं. रेणूचा जन्म तुरुंगातलाच, म्हणून तीही सोबत. सुकन्याचे टाके पिकले होते, रोज पट्टी बदलावी लागे. परत पाठवलं तर तिची धडगत नव्हती. वॉर्डात बभ्रा नको म्हणून आबेदा सिस्टरनी पहाऱ्यावरच्या कहकशां या पोलीस बाईला साध्या कपड्यांत बसायला सांगितलं. सगळ्यांना वाटलं, सोबतीला आलेलं घरचंच माणूस.

आणि नेमकी नीलाबाईंची तिथी आली.

दरवर्षी या दिवशी किशनराव आणि त्यांच्या पत्नी तुळजाबाई केळी घेऊन येतात. माझ्यावर जी बाई असेल तिची तुळजाबाई साडीनं ओटी भरतात. त्यांनी सुकन्याचा मोकळा गळा पाहिला, रिकामे हात पाहिले.

"ऑपरेशनला काढून ठिवलं आसंल समदं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कुंकवाची डबी उघडली.

"मावशी, थांबा जरा. मी..."

"थांबायला काय झालं? लेकराची आई हाइस. पदर पसर."

कुंकू लागलं. साडी, तांदूळ, खोबरं पदरात पडलं. मग तुळजाबाई कहकशांकडे वळल्या. "आन् तू गं? नणंद का भावजय? कवाची मोबाईल बघून राहिलीस. हिची वेणी तरी घाल की!"

"हाव मावशी," म्हणत बिचारीनं मुकाट्यानं फणी हातात घेतली.

तेवढ्यात तिची पाळी बदलायला दुसरी पोलीस बाई आली, ती वर्दीतच. दारातूनच तिनं विचारलं, "काय गं, कैदी बरी हाय ना? आन् तू वेण्या घालून राहिलीस व्हय?"

किशनरावांच्या हातातली केळी तशीच राहिली. "माझ्या मायच्या खाटेवर कैदी? सिस्टर, हिला आत्ताच्या आत्ता हलवा! न्हाईतर मी मंडळाकडं जातो."

"काका, सबर करा," आबेदा सिस्टर म्हणाल्या. "टाके पिकलेत तिचे. हलवलं तर जिवावर बेतेल."

"ते मला सांगू नका. अगं, ती साडी काढून घे आधी!" ते बायकोला म्हणाले.

सुकन्यानं स्वतःच साडी पुढं केली. तुळजाबाईंनी ती पुन्हा तिच्या पदरात सारली.

"भरलेली ओटी काढून घिऊ? हिनं काय केलं ते कोर्टानं बघितलं. भरताना म्या ईचारलं न्हाई, आता रिकामी करायला कामून ईचारू? आन् तुमची माय भुईवर गेली म्हणून खाट दिली ना तुमी? मंग आता कुणाला भुईवर घालून राहिलाव?"

किशनराव तडक बाहेर गेले आणि व्हरांड्यात पोलिसांच्याच बाकावर बसून राहिले. बऱ्याच वेळानं आत आले. "टाके सुकूस्तोवर राहू द्या. पण मायचं नाव झाका."

तुळजाबाईंनी नवऱ्याच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून माझ्या उशावर टाकला. "घ्या, झाकलं!" सगळा वॉर्ड हसला. सुकन्यासुद्धा, पोट दाबून धरत.

त्या वेळी वॉर्ड सोडून कुणी गेलं नाही. शेजारच्या खाटेवरच्या गौरम्मा रेणूला रोज अर्धी भाकरी देऊ लागल्या. आठवड्यानं किशनराव टॉवेल न्यायला आले, तर रेणू तोच पांघरून झोपली होती. माझ्यावरचं नाव उघडंच होतं. त्यांनी टॉवेल तिच्या पायांवर नीट ओढला आणि ते तसेच परत गेले. मंडळाकडे तक्रार गेलीच नाही. कैदी अजूनही येतात.

मित्रांनो, कैद्यांचा भार दवाखान्याला जड जातो, हे खोटं नाही. पण दुखणं सगळ्यांचं सारखंच कण्हतं, हे माझ्या लोखंडाला कळतं. दवाखान्यात गेलात तर आमच्यावर खिळ्यानं नावं खरडू नका, गंज दिसला तर कुणाला तरी सांगा. आणि शेजारच्या खाटेवर कोण आहे हे कळल्यावर पाठ फिरवू नका. एवढंच मागते.

टाके निघाले. जायच्या दिवशी सुकन्या माझ्याशेजारी उभी राहून नवी साडी नेसत होती. समोरच्या मोरीत रेणू शिरली. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आतून तिचं हसू ऐकू येत होतं. मग ती धावत आली.

"आई, हितं कडी आतून हाय! आपल्या तिकडं भायेरूनच कामून गं?"