अकरा गावांचं एक स्टूल

आमचं साप्ताहिक फुकट मिळायचं, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या लाल पेट्यांत. मोठी दैनिकं महापौरांची आरती ओवाळायची, आम्ही त्यांची लक्तरं वेशीवर टांगायचो. पण आमच्या मिलवॉकी शहरातली माणसं पेपर उघडायची ती शेवटच्या पानापासून, माझ्या ‘रिकामं स्टूल’साठी. बारमधलं रोजचं गिऱ्हाईक वारलं की मी त्याच्यावर लिहायचे. छापून आलं की बारवाला त्याचं स्टूल पुढे कलतं करून काउंटरला टेकवायचा, आणि आठवडाभर तिथे कुणी बसायचं नाही. पेपरात आल्याशिवाय मात्र टेकवायचं नाही, असा रिवाज. चर्चमध्ये कितीही घंटा वाजवा, स्टूल टेकल्याशिवाय आमच्याकडे माणूस गेल्यासारखा वाटत नाही.

मार्चमध्ये माझा धाकटा भाऊ काझ गेला. नेमकं तेव्हाच एका कंपनीनं आमचा पेपर गिळला. तिच्या पोटात दुसऱ्या गावांचे आधीच दहा होते. ऑफिसला कुलूप, सगळ्यांना नारळ. मला म्हणाले, तुम्ही घरून पाठवत जा. मी काझवर लिहिलं. रडत रडत लिहिलं, खोटं कशाला बोलू? त्याचं स्टूल टेकावं, एवढंच मला हवं होतं.

पेपर आला. काझचं नाव बरोबर, त्याचं ब्रँडीत चेरी बुडवून खाणं बरोबर. पण बार भलताच, रस्ता भलताच आणि गाव टोलिडो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नव्या संपादकाला फोन लावला. ट्रेंट नाव त्याचं, बसतो ॲरिझोनात.

“मॅडम, अकराही गावांत मजकूर तोच जातो,” तो म्हणाला. “गावाचं, बारचं नि रस्त्याचं नाव तेवढं बदलतो. तुमच्याकडे टोलिडोचं पान गेलं वाटतं.”

“वाटतं? अरे शहाण्या, माझा सख्खा भाऊ आहे तो!”

“वाचकांना फार आवडलंय,” तो म्हणाला. “सगळीकडून फोन येतायत. एक बाई तर ढसाढसा रडल्या.”

मी फोन आपटला आणि तडक ऑर्व्हिलच्या बारमध्ये गेले, काझ रोज बसायचा तिथे. शुक्रवार होता, तळलेल्या माशांचा वास दारापर्यंत आला होता. काझच्या स्टुलावर कुणी अनोळखी माणूस मासा खात बसला होता.

“ऑर्व्हिल, पेपरवाल्यांनी घोळ घातलाय. रिवाज गेला खड्ड्यात, तू टेकव स्टूल.”

“कुणाचं गं, जेनी?”

“कुणाचं काय? काझचं!”

“टोलिडोचा तो? वाचलं मी. पाणी आलं बघ डोळ्यांत.”

“चेष्टा पुरे हं. तुझ्यासमोर बसून म्हातारा झाला तो.”

ऑर्व्हिलनं हातातला ग्लास खाली ठेवला. त्याच्या नजरेत काडीचीही खोट नव्हती, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. “जेनी,” तो हळूच म्हणाला, “तू काही खाल्लंयस का सकाळपासून?” शेजारच्या दोघांना विचारलं, काझबरोबर रोज पत्ते कुटणाऱ्या. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला बसायला जागा करून दिली. मी बसले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि टोलिडो गाठलं. म्हटलं, जाऊन चांगली खरडपट्टी काढते एकेकाची, माझा माणूस परत घेऊन येते. पेपरातला रस्ता सापडला, बारही सापडला. दुपारचं ऊन आत आलं होतं. काउंटरच्या टोकाला एक स्टूल कलतं टेकवलेलं, आणि समोर ब्रँडीच्या ग्लासात चेरी.

“काझचं का हो?” मी विचारलं.

“त्याचंच,” बारवाली म्हणाली. “सोन्यासारखा माणूस. हसला की पुढच्या दातांतली फट दिसायची.”

दातांतली फट मी लिहिली नव्हती. “हे बघा बाई,” मी आवाज चढवला, “मी त्याची बहीण आहे.”

बारवाली गोंधळली. तिनं कोपऱ्यातल्या टेबलाकडे बोट केलं. “बहीण तर ती बसलीय ना, बिचारी.”

तिथे माझ्याच वयाची एक बाई होती, सुजलेल्या डोळ्यांची, भावाचा भलामोठा कोट अंगात. मी तावातावानं तिच्यासमोर जाऊन बसले. तोंड उघडणार, तोच ती बोलायला लागली. कुणीतरी ऐकायला बसेल याचीच वाट पाहत असावी.

“बाबा पिऊन आले ना, की काझ मला कपाटात कोंडायचा,” ती म्हणाली. “आणि बाहेर उभा राहून शिट्टी वाजवायचा, त्या दातांच्या फटीतून. त्याला पट्ट्याचे फटके बसत असायचे, पण शिट्टी थांबायची नाही. मला काही ऐकू येऊ नये म्हणून.”

हे मी लिहिलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पाद्र्याला सांगितलं नव्हतं. मी ते कपाट आठवून पाहिलं. कोटांचा वास, दाराची फट, अंधार. सगळं होतं. शिट्टी काही केल्या ऐकू येईना. मी डोळे घट्ट मिटले, देवाशप्पथ सांगते, जीव एकवटून कान दिला. तिच्या हुंदक्यांखेरीज काही नाही.

“तुमचा कोण होता तो?” तिनं डोळे पुसत विचारलं.

तिच्याकडे होता तेवढा काझ आता माझ्याकडे उरला नव्हता.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “पेपरात वाचलं, म्हणून आले.”