पंकजाची दोन वर्षं

माझी नात पंकजा पुण्याच्या एका कंपनीच्या संघातून पाच वर्षं पगारावर बास्केटबॉल खेळली. करार दरवर्षी नवा व्हायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी झाला नाही. ती तिसगावजवळ आमच्या घरी परत आली, वर्षभर व्यायाम केला, पुन्हा उड्या मारायला लागली. आता सरकारी खात्याची खेळाडू भरती निघाली की कायमची नोकरी, एवढ्या एका आशेवर ती होती. भरती तीन वर्षं निघाली नव्हती.

दिवाळी झाल्यावर निघाली. पंकजा ओट्यावर बसून मोबाईलवर वाचत होती. वाचता वाचता तिनं मोबाईल पालथा ठेवला.

"काय गं?"

"पंचवीसच्या आत पाहिजे. माझं वय पाच महिन्यांनी पुढं गेलं, आज्जी."

मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपली तरी उलथली नाही, कारण पंकजाला पंचवीस झालेली नाहीत, हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

ती लहान होती तेव्हा आम्ही सगळेच ऊसतोडीला जायचो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मी आणि म्हातारा एक, मुलगा सहादेव, म्हणजे पंकजाचा बाप, आणि सून दुसरा. पंकजा चार वर्षांची होती त्या हंगामात, आमच्या पाचटाच्या झोपडीसमोर, कोपीसमोर, तिच्याच वयाचं एक पोर उसाच्या ट्रॉलीखाली गेलं. मी ते पाहिलं. गावात तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी वसतिगृह होतं, पण शाळेत नाव असलेल्यांनाच घेत. जूनमध्ये मी पंकजाला शाळेत नेलं. गुरुजींनी वय विचारलं. मी सहा सांगितलं. पोरगी उंच होती, खपून गेलं. आमच्याकडं निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा, तिचाही तोच लिहिला. मी अंगठा दिला. सहादेव आणि सून वर्षं मोजत नव्हती, शाळेनं लिहिलं तेच त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. बासष्टाव्या वर्षी मी अक्षरं शिकले, त्यामुळे माझ्या अंगठ्याशेजारचं आता वाचता आलं. 'आजीच्या सांगण्यावरून.'

"शाळा सोडल्यावर तारीख बदलत नाही, आज्जी. जन्माची नोंद कुठं हाय?"

"कोपीवर जन्मली. उसाच्या फडात कोन नोंद करतंय?"

"मग तवा सहा म्हनालात, आता चार म्हनता. तुमचं खरं कंचं धरायचं?"

मी रजिस्टर मिटून त्यांच्याकडं सरकवलं.

संध्याकाळी पंकजा गुडघ्याला तेल चोळत होती. तिला सांगितलं. ती चोळायची थांबली.

"दोन वर्षं?"

"व्हय."

तिनं तेलाचा हात फडक्याला पुसला. मग म्हणाली, "चौदाखालच्या संघात सगळ्या मला रेटायच्या. आमच्या कोच निकिता मॅडम म्हणायच्या, पंकजे, ताडासारखी वाढलीस, पण हाडात जोर न्हाई, घरी भाकर देतात का न्हाई? मी अकरा-बारा वर्षांची होते, आज्जी."

"व्हय."

"गुडघा पहिल्यांदा तिथंच गेला."

"वसतिगृहाच्या जिन्यावरनं पडलीस म्हनाली हुतीस."

"खेळ बंद केला असता तुम्ही."

मी तिला ट्रॉलीखाली गेलेल्या पोराचं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्यावर चिडता बी येईना मला," ती म्हणाली. तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. "आईला सांगू नको. ती तुझं तोंड बघणार न्हाई."

अर्जाची मुदत संपली. पंकजा आता राहुरीकडच्या एका शाळेत तासिकेवर खेळ शिकवते. सुट्टीत घरी येते. गोड बोलते, माझ्या गोळ्या आणते. पूर्वी आली की आधी माझ्या पाया पडायची. आता गुडघा वाकत नाही म्हणते. परवा ती उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होती. मी आतून पाहिलं. गुडघा पार छातीला लागत होता.