रिकाम्या काट्याचे आठ किलो

साताऱ्याच्या एका कचेरीत मागच्या अंगाला एक बंद खोली आहे. तिथे गळ्यात दोरी आणि दोरीवर लाखेची मोहोर घेऊन उभा असलेला मी एक जुना वजनकाटा आहे. मित्रांनो, मी चोरी केली नाही. पण चोरी करणाऱ्याच्या बाजूने मी दीड वर्ष साक्ष दिली, आणि ती खोटी होती.

माझा जन्म सांगलीचा, १९६१ सालचा. खाली जाड लोखंडी फळी, मागे उभा खांब, वर खुणा कोरलेली दांडी आणि दांडीवर सरकणारे पितळी वजन, असा माझा देह. पहिली सात वर्षे मी हळदीच्या पेठेत काढली. दरवर्षी सरकारी माणूस येऊन मला तपासायचा आणि शिक्का मारायचा. माझा आकडा शेतकरीही मानायचा आणि व्यापारीही.

पुढे मालकांनी मोठा काटा घेतला आणि मला रहिमतपूरजवळच्या एका संस्थेला देऊन टाकले. तिचे नाव 'शांतिकुटी'. ज्यांचे मन आजारी आहे आणि ज्यांना घरी सांभाळणे होत नाही, अशी तीस-बत्तीस माणसे तिथे राहत. नाथाजी हे संस्थेचे चिटणीस. सगळा कारभार त्यांच्या हाती. सुरुवातीला ते सायकलवरून गावोगाव फिरून धान्य गोळा करीत आणि रुग्णांच्या पंगतीत बसून जेवत. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून सांगतो.

माझ्याकडे दोन कामे होती. देणगीची पोती मोजायची, आणि दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक रुग्णाचे वजन करायचे. मनुबाई ही तिथली स्वयंपाकीण. ती एकेकाला हाताला धरून माझ्यावर उभे करी आणि नाथाजी वहीत आकडा लिहीत. ती वही बघूनच संस्थेला सरकारी मदत मिळे.

सिद्धू आटपाडीकडचा मेंढपाळ होता, तिशीचा. एकाएकी त्याचे बोलणे बंद झाले होते. कुणी हाक मारली तरी तो लांब माळाकडे बघत राही. त्याची आई हरणाबाई दोन एस.टी. बदलून त्याला घेऊन आली. जाताना ती मनुबाईला म्हणाली, "बाई, त्यो मागत न्हाई. भूक लागली तरी मागत न्हाई. तुमीच वाढत जा." त्या दिवशी सिद्धूचे वजन चोपन्न किलो भरले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. देणाऱ्यांनी हात आखडला नाही. कुंडलसारख्या बागायती गावांनी तर गाड्या भरून ज्वारी पाठवली. पण गाड्या आमच्या फाटकाशी येत आणि अर्ध्या तशाच पुढे जात. नाथाजींच्या भावाचे कोरेगावात धान्याचे दुकान होते. आमटी पातळ होत गेली. भाकरी एकाची अर्धी झाली. दूध फक्त छापील अहवालात राहिले.

एक तारीख आली. माझी दांडी खोटे बोलत नव्हती. एकोणपन्नास, सत्तेचाळीस, पंचेचाळीस. नाथाजींनी लिहिणे थांबवले. दुपारी ते आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा घेऊन आले, मला आडवे केले आणि तो तुकडा माझ्या फळीच्या खालून तारेने आवळून बांधला.

मनुबाई दारात उभी होती.

"वजनं कमी दिसली की मदत बंद होईल," नाथाजी शांतपणे म्हणाले. "मग ही माणसं कुठं जातील? आणि तू कुठं जाशील?"

मनुबाई विधवा होती. पदराने तोंड पुसून ती आत गेली.

त्या दिवसापासून पंचेचाळीस किलोचा माणूस माझ्यावर त्रेपन्न किलोचा होऊ लागला. ब्याण्णव किलोचे पोते शंभराचे ठरू लागले. तपासायला साहेब येत, चहा घेत, वही बघत आणि सही करीत. वहीत कुणी झिजत नव्हते. माझ्यावर टेकणारे तळवे मात्र महिन्यागणिक हलके होत होते. लोखंडाला तोंड नसते, मित्रांनो. त्याला फक्त आकडा असतो, आणि माझा आकडा त्यांनी बांधून टाकला होता.

पुढच्या वर्षी श्रावणात सिद्धूला ताप आला. चौथ्या दिवशी तो गेला. वहीत त्याचे शेवटचे वजन बावन्न किलो होते. हरणाबाई आली तेव्हा गाडीवान बैलगाडी फाटकापाशी लावत होता. तो येईपर्यंत तिने लेकाला एकटीने उचलले आणि ती थांबली.

"ह्यो बावन किलो हाय व्हय?" ती म्हणाली. "म्या जलमभर मेंढरं उचलल्याती. मला वजन कळतं."

नाथाजी म्हणाले, "मावशी, आजारात माणूस वाळतंच."

तिने लेकाला गाडीत निजवले. पण घरी जाऊन ती गप्प बसली नाही. तिचा भाऊ कुंडलला उसाच्या फडात कामाला होता. त्याच्या तोंडून ही गोष्ट गावात पोहोचली. आपली चाळीस पोती कुठे गेली, असे लोक विचारू लागले. त्यांनी सयाजी सुभेदारांना पाठवले. सुभेदारांनी फौजेत वीस वर्षे रसदीचे कोठार सांभाळले होते.

दिवाळीनंतर ते आले. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या वह्या वाचल्या. पावत्या जुळत होत्या, पोती जुळत होती, वजनेही जुळत होती. शेवटी चष्मा काढून ते म्हणाले, "चिटणीस, लय चांगला हिशेब हाय. येवढा जुळणारा हिशेब म्या पलटणीत बी बघितला न्हाई."

नाथाजी हसले. सुभेदार मात्र उठून माझ्यापाशी आले आणि चपला काढून माझ्यावर उभे राहिले. बहात्तर.

"आठ दिसांमागं इस्पितळात चौसष्ट भरलो हुतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

"काटा जुना झालाय, सुभेदार."

सुभेदार खाली उतरले. माझ्यावर काहीच नसताना त्यांनी पितळी वजन सरकवत आठवर आणले. दांडी सरळ झाली. कुणीच उभे नव्हते, तरी माझ्यावर आठ किलो होते.

त्यांनी मला आडवे केले. तार दिसली, रुळाचा तुकडा दिसला.

"हे कुणी बांधलं?"

नाथाजी म्हणाले, "मला काय माहीत? देणगीत आलेली वस्तू आहे."

तेव्हा चुलीपासून मनुबाई उठून दारात आली. तिचे हात पिठाने माखले होते. "ह्यांनीच बांधलं," ती म्हणाली. "म्या बघितलंय. आवं सुभेदार, मी तवाच बोलायला पायजे हुतं. सिद्धू जगला असता."

सुभेदारांनी तार तोडली. मग सगळ्या माणसांना एकेक करून माझ्यावर उभे केले. एकेचाळीस. अडतीस. चाळीस. एक म्हातारी चौतीस. सुभेदार मोठ्याने आकडा सांगत होते आणि नाथाजींना ते त्याच वहीत लिहावे लागत होते. मला त्या दिवशी खरे बोलता आले. पण खरे बोलताना इतकी भीती वाटेल असे मला कधी वाटले नव्हते.

पुढे खटला झाला आणि पुरावा म्हणून मला या खोलीत आणले. शांतिकुटीला कुलूप लागले. काही माणसे घरी गेली, काही सरकारी इस्पितळात. ज्यांचे कुणीच नव्हते ती कुठे गेली, ते मला ठाऊक नाही. मनुबाईची नोकरी गेली. ती वाईला घाटाजवळ भाकऱ्या भाजून देते, असे शिपाई बोलताना ऐकले. नाथाजी जामिनावर सुटले. खटल्याला सहा वर्षे झाली, अजून तारखा पडतात. परवा धूळ झाडताना शिपाई दुसऱ्याला सांगत होता की त्यांनी दुसऱ्या नावाने नवी संस्था काढली आहे. अनाथ मुलांसाठी. अहवाल मोठा देखणा छापला आहे म्हणे.

मित्रांनो, मी इथून हलू शकत नाही. तुम्ही हलू शकता. दान जरूर द्या, पावती जरूर घ्या, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. ज्यांच्यासाठी दिले त्यांना जाऊन भेटा. जेवणाच्या वेळी जा. आणि येतोय म्हणून आधी कळवू नका.