एकशे त्रेचाळीस नंबरची वार

"मावशी, खरं सांगा. एकशे त्रेचाळीसची वार डबीत जायला किती वेळ लागला?"

द्वारकाबाईंनी फरशी पुसणं थांबवलं नाही. "लिव्हलंय की ताई वहीत. वीस मिनिटं."

वहीत खरंच वीस मिनिटं होती. तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात हजेरीपटापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत कुणाच्याच वेळेवर विश्वास ठेवायची पद्धत नव्हती. मानत ते एकट्या द्वारकाबाईंच्या वहीला. बाळंतपणाच्या खोलीतली ही आया, पण दोन वर्षांपासून जालन्याच्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचं काम त्यांच्याकडे होतं. बाळ झालं की त्यामागून पडणाऱ्या वारेचे तीन तुकडे कापायचे. एक फॉर्मालिनमध्ये, एक निळ्या झाकणाच्या औषधात, एक गोठवायच्या टाकीत. आणि बाळ झाल्यापासून तुकडे डबीत जाईपर्यंत किती वेळ गेला ते लिहायचं. उरलेली वार घरच्यांना, पुरायला. "सुपारीएवढंच घेते माय, बाकी तुमचं तुम्हाला. वाया जाऊ द्यायची न्हाई," असं म्हणत त्यांनी भल्याभल्या खवट सासवा गुंडाळल्या होत्या.

"म्हणूनच विचारतेय," अर्पिता म्हणाली. जालन्याहून ती महिन्यातून एकदा डब्या न्यायला यायची. "वार कशात ठेवली तर तिच्यातल्या जनुकांवरच्या खुणा बरोबर वाचता येतात, हेच तर शोधतोय आपण. फॉर्मालिनमध्ये धागे तुटतात. गोठवलेला तुकडा सगळ्यात इमानदार. पण एकशे त्रेचाळीसचा गोठवलेलाही तुटकाच निघाला. सर म्हणतात, आपल्या गोठवण्यातच खोट आहे. मग दोनशे दहाच्या दोनशे दहा वारा शंकेत."

"आन् वेळ चुकीची आसली तर?"

"मग तेवढा एक नंबर बाद."

"बाद म्हंजी?"

"पिवळ्या पिशवीत. जाळायला."

द्वारकाबाई पुसत पुसत पार कोपऱ्यापर्यंत गेल्या. कोपरा स्वच्छच होता, तरी दोनदा पुसला.

त्यांच्या लेकीचं, शीतलचं पहिलं बाळंतपण, माहेरी, याच दवाखान्यात. मुलगा झाला, रडला नाही. सासरच्या माणसांनी तासाभरात नेऊन पुरला, कुठं ते बायकांना कळू दिलं नाही. वार कुणी मागितलीच नाही. तिचा ट्रे मांडीवर घेऊन द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या, त्या दुपार कलल्यावर भानावर आल्या. महिनाभराने शीतलने विचारलं होतं, "आई, त्याचं काहीच न्हाई का ग ऱ्हायलं?" तेव्हा त्यांनी सांगितलं, "हाय की. जालन्याच्या मोठ्या फ्रीजात. कित्येक वर्षं काही होत न्हाई त्याला." त्या दिवशी पोरीने दुसरी भाकरी मागून घेतली होती.

फडकं बादलीत पडलं.

"तीन तास, ताई."

"काय?"

"तीन तास मांडीवर व्हतं. वीस मी मनानं लिव्हलं. खरं लिव्हलं आसतं, तर तुम्ही तव्हाच फेकलं आसतं."

डब्यांवर नावं नसतात, नंबर असतात. अर्पिताने विचारलं, "कोणाची होती, मावशी?"

"माझ्या शीतलची."

अर्पिताने पेनाचं टोपण लावलं. "राहू द्या. सरांना सांगते मी काहीतरी."

"बिलकुल न्हाई. दोनशे बायांला जबान दिली म्या. द्या इकडं पेन."

ओलसर हात पदराला पुसून त्यांनी वीसवर आडवी रेघ मारली, शेजारी तीन तास लिहिलं आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच, ठळक.

"शीतलला काय सांगाल?"

"तिला?" द्वारकाबाईंनी वही मिटली. "तिला म्हणन, हाय. वही काय तिच्या घरी जाती व्हय?"

तेवढ्यात आतून उषा सिस्टरने हाक दिली, "मावशी, जल्दी या!" आणि पाठोपाठ पोर रडलं.

द्वारकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंच नाही. कमरेचं आपलं घड्याळ काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि कुणी विचारलं नसताना मोठ्याने सांगितलं,

"अकरा सतरा."